गप्प बसणाऱ्यांचा ग्रुप

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावात आठवडी बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजातले पाच जण बसमधून उतरले. गावोगाव फिरून भिक्षा मागणारा हा समाज. पाचांपैकी बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्यातले. त्यांच्यातला एक जण एका लहान मुलीशी बोलताना दिसला, एवढंच निमित्त झालं. लोकांनी त्यांना मारत मारत ग्रामपंचायतीच्या खोलीत नेलं आणि तिथेही मारलं. पाचही जण मेले. मारहाण चालू असताना फोनवर चित्रण करणारेही तिथेच उभे होते.

त्या भागात त्याआधी कित्येक दिवस फोनवरून एकच इशारा फिरत होता: मुलं पळवणारी टोळी आली आहे, सावध राहा.

बातमी आली आणि शहरी दिवाणखान्यांनी निकाल देऊन टाकला. अडाणी लोक, आडबाजूचा पाडा, दुसरं काय होणार! हा निकाल सोयीचा आहे आणि साफ चुकीचा आहे. त्या उन्हाळ्या-पावसाळ्यात हीच अफवा तमिळनाडू, तेलंगणा, कर्नाटक, आसाम, त्रिपुरा आणि महाराष्ट्र अशी माणसं मारत फिरली. प्रत्येक ठिकाणी ती तिथल्या भाषेत बोलत होती. मजकूर एका भाषेतून दुसऱ्या भाषेत न्यायला लिहिता-वाचता यावं लागतं. फोन लागतो, डेटा लागतो. एवढा प्रवास अडाण्यांच्या खांद्यावर बसून होत नाही. त्या साखळीत शिकलेले हात होते आणि त्यांपैकी एकाच्याही अंगावर रक्ताचा थेंब उडाला नाही.

‘मी नाही फसत, बाकीचे फसतात’ ही समजूत हीच पहिली फसगत. डब्ल्यू. फिलिप्स डेव्हिसन या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९८३ साली हे नेमकं मांडलं. प्रचाराचा परिणाम आपल्यापेक्षा दुसऱ्यांवर जास्त होतो, असं माणसाला वाटतं. असं वाटणारा माणूस स्वतःवर पहारा ठेवत नाही. इंजिनिअर असो, प्राध्यापक असो, निवृत्त अधिकारी असो; पदवी असली म्हणजे अंगठा आपोआप थांबतो असं नाही.

आता ती चित्रफीत पाहू. गल्लीत मुलं खेळताहेत. मोटारसायकलवरून दोघे येतात, एका मुलाला उचलतात आणि भरधाव निघून जातात. भारतभर फिरलेली ही फीत कराचीची होती. मुलांच्या सुरक्षिततेसाठी काम करणाऱ्या तिथल्या एका संस्थेने जनजागृतीसाठी ती तयार करून घेतली होती. मूळ फितीत ते दोघे लगेच परत येतात, मुलाला सोडतात आणि एक फलक उघडून दाखवतात. मूल पळवायला एक क्षण पुरतो, असा त्याचा आशय. कुणीतरी तो शेवट कापला. मुलांना वाचवण्यासाठी केलेली जाहिरात माणसं मारण्याच्या कामी आली.

कापणारा एकच होता असं धरू. पाठवणारे लाखो कसे झाले?

एमोस ट्वर्स्की आणि डॅनियल काहनमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ साली दाखवून दिलं की एखादी गोष्ट किती वेळा घडते याचा अंदाज माणूस मोजून करत नाही. तिचं उदाहरण किती चटकन आठवतं, यावरून करतो. पळवून नेलेल्या मुलाची फीत सकाळी पाहिलेल्या आईला दुपारी दारात आलेला अनोळखी माणूस कसा दिसेल, हे सांगायला प्रयोगशाळा नको. एका फितीने हजारो आयांच्या डोळ्यांपुढे एकाच वेळी तेच उदाहरण ठेवलं. प्रत्येकीची भीती खाजगी होती, खरी होती. पण सगळ्यांची भीती एकाच दिवशी, एकाच दिशेने वळली होती आणि तिला फक्त एक चेहरा हवा होता.

त्यात भर पडते पुनरावृत्तीची. १९७७ साली अमेरिकेत हॅशर, गोल्डस्टाइन आणि टोपिनो यांनी विद्यार्थ्यांना दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने तीनदा काही विधानं ऐकवली आणि ती कितपत खरी वाटतात ते विचारलं. काही विधानं प्रत्येक वेळी पुन्हा येत होती. ती दर खेपेला जास्त खरी वाटत गेली, मुळात खरी असोत की खोटी. आता आपला फोन उघडा. तोच मजकूर सोसायटीच्या ग्रुपवर येतो, दहावीच्या बॅचच्या ग्रुपवर येतो, माहेरच्या आणि सासरच्या ग्रुपवर येतो, सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या ग्रुपवरही येतो. मनाला वाटतं, पाच ठिकाणांहून कळलं म्हणजे पाच साक्षीदार झाले. साक्षीदार एकही नसतो. एकच कागद पाच दारांतून आत आलेला असतो.

आणि मग येतं सगळ्यात सभ्य दिसणारं वाक्य: ‘खरं-खोटं माहीत नाही, पण खबरदारी म्हणून पाठवतोय.’

या वाक्यावर माझा राग आहे. पाठवणाऱ्याला ते काळजीचं वाटतं. हिशेब साधा आहे: खरं निघालं तर मी मुलं वाचवली, खोटं निघालं तर माझं काय गेलं? काहीच नाही. गेलं ते दुसऱ्याचं. डवरी गोसाव्यांचं गेलं. पालं ठोकून राहणाऱ्यांचं, भाषा वेगळी बोलणाऱ्यांचं, मनोरुग्णांचं, वाट चुकलेल्यांचं गेलं. खबरदारी घेणारा एक आणि तिची किंमत मोजणारा भलताच, अशी ही व्यवस्था आहे. २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ‘कोंबडी खाल्ल्याने कोरोना होतो’ हा मजकूर याच खबरदारीने घरोघर गेला. सरकार सांगत राहिलं की याला आधार नाही. तोवर चिकनची मागणी कोसळली होती आणि पोल्ट्रीवाल्या शेतकऱ्यांना कवडीमोलाने पक्षी द्यावे लागले. ज्यांनी तो मजकूर पाठवला, त्यांच्यापैकी कुणी त्या शेतकऱ्याचं कर्ज फेडलं?

वेग किती असतो, तेही पाहा. राईनपाड्यानंतर दोन आठवडेही झाले नव्हते. कर्नाटकात, बिदर जिल्ह्यात फिरायला गेलेल्या काही मित्रांपैकी एकाने शाळेतल्या मुलांना चॉकलेटं दिली. संशय आला, बाचाबाची झाली, ते गाडीतून निघाले. गाडी पुढच्या गावात पोचण्याआधी त्यांच्याबद्दलचा संदेश तिथे पोचला होता आणि रस्ता अडवलेला होता. हैदराबादचा एक सॉफ्टवेअर इंजिनिअर त्यात मारला गेला. त्याआधी जूनच्या अखेरीस त्रिपुरात तर, अफवांवर विश्वास ठेवू नका असं लाउडस्पीकरवरून सांगत फिरण्यासाठी सरकारने नेमलेल्या माणसालाच जमावाने मुलं पळवणारा ठरवून ठार मारलं. खुलासा घेऊन येणारा माणूससुद्धा अनोळखी असतो आणि भ्यालेल्या मनाला सगळे अनोळखी सारखेच दिसतात.

अफवेचा बळी आपल्या बाजूचा असला की आपण शहाणे होतो, असंही नाही. १६ एप्रिल २०२० च्या रात्री पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले गावात दोन साधू आणि त्यांचा चालक जमावाच्या हातून मारले गेले. टाळेबंदीत ते अंत्यसंस्कारासाठी सुरतकडे निघाले होते. त्या पट्ट्यात चोर, मुलं पळवणारे, अवयव काढून नेणारे अशा अफवा पसरल्या होत्या. म्हणजे पुन्हा तेच दुखणं. देश हळहळला, आणि त्या हळहळीच्या पोटातूनच दुसरी अफवा निघाली: मारणारे मुसलमान होते. पुरावा म्हणून घटनेचीच चित्रफीत दाखवली गेली. तिच्यात कुणीतरी ‘मार शोएब, मार’ म्हणतंय, असा दावा. प्रत्यक्षात तिथे ‘ओए बस, ओए बस’ असं कुणीतरी ओरडत होतं. मारहाण थांबवायला सांगणारा आवाज लोकांनी चिथावणीचा म्हणून ऐकला, कारण तोच ऐकायचा होता. राज्याचे तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांना २२ एप्रिलला अटक झालेल्या १०१ जणांची यादी जाहीर करून सांगावं लागलं की त्यांत एकही मुसलमान नाही.

पीटर वेसन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९६० साली लोकांना २, ४, ६ हे आकडे दिले आणि त्यामागचा नियम ओळखायला सांगितलं. स्वतः आणखी आकडे सुचवायचे. ते नियमात बसतात की नाही, हे तो सांगणार. बहुतेकांनी मनात एक नियम धरला आणि त्यात बसणारेच आकडे विचारत राहिले. आपला नियम मोडतो का, हे तपासायचं त्यांना सुचलंच नाही. खरा नियम अगदी साधा होता: चढते आकडे. गडचिंचल्याची फीत कानाला लावणाऱ्यांनी तेच केलं. आधी निकाल ठरला, मग पुरावा ऐकू आला. जी माणसं अफवेने झालेल्या खुनांवर संतापली होती, तीच दुसऱ्या क्षणी अफवा वाहून नेत होती. संताप खरा होता. पण खरा संताप म्हणजे खरी माहिती नव्हे.

हे सगळं फोनने केलं, असं म्हणून सुटता येणार नाही. २१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध प्यायला तेव्हा कुणाच्या खिशात व्हॉट्सॲप नव्हतं. एका दिवसात ही बातमी देशभर आणि लंडनपर्यंत गेली. मंदिरांबाहेर रांगा लागल्या. चमच्यातलं दूध पृष्ठताणामुळे मूर्तीवर ओढलं जातं आणि खाली ओघळतं, हे वैज्ञानिकांनी आणि अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी दाखवलं. मनाची खोड जुनीच आहे. नवं आहे ते त्या खोडीवर चालणारं कारखान्याचं काम.

फेसबुकने २०१७ पासून मजकुराचा क्रम ठरवताना इमोजीच्या प्रतिक्रियेला साध्या लाइकच्या पाचपट वजन दिलं. संतापाचा लालबुंद चेहराही त्यात होता. चिडवणारा मजकूर त्यामुळे वर चढला. त्यातून खोटं आणि विखारी जास्त पसरतं हे कंपनीच्याच माणसांना दिसलं, तरी त्या चेहऱ्याचं वजन शून्यावर यायला २०२० चा सप्टेंबर उजाडला. या तीन वर्षांचा जाब कंपनीकडे मागितलाच पाहिजे. पण व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर आलेला मजकूर पुढे ढकलायला कुठलं यंत्र लागत नाही. तिथे अंगठा आपलाच असतो. मार्च २०१८ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात एमआयटीच्या संशोधकांचा अभ्यास आला. ट्विटरवर २००६ ते २०१७ या काळात फिरलेल्या सुमारे १ लाख २६ हजार खऱ्या-खोट्या बातम्या त्यांनी तपासल्या. खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खरीपेक्षा ७० टक्क्यांनी जास्त निघाली. बॉट खाती वेगळी काढली तरी चित्र तेच राहिलं. खोट्याला पळवणारी माणसंच होती. नवं आणि धक्कादायक वाटलं ते त्यांनी पुढे दिलं.

मग यावर काही इलाज नाहीच का? आहे. आणि तो आपण समजतो त्यापेक्षा खूप लहान आहे.

मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७८ साली एक हिशेब मांडला. चौकात शंभर माणसं आहेत. पहिला कुणाचीही वाट न पाहता दगड मारतो. दुसरा, एकाने मारला की मारतो. तिसरा, दोघांनी मारल्यावर. असं करत शंभरावा, नव्याण्णव जणांनी मारल्यावर. अशा चौकात दंगल होणारच, शंभरच्या शंभर सामील होणार. आता यातल्या एकाच माणसाला बदला. ‘एकाने मारला की मारीन’ म्हणणारा तो दुसरा माणूस ‘दोघांनी मारल्याशिवाय हात उचलणार नाही’ असं म्हणू दे. दंगल तिथेच संपते. एक दगड पडतो आणि नव्याण्णव जण घरी जातात. बाकीची माणसं तीच, त्यांच्या मनातला राग तोच. फरक एका माणसाच्या एका पायरीचा. जमावाकडे बघून आपण म्हणतो, सगळे पिसाळले होते. बहुतेक वेळा सगळे एकमेकांकडे बघत होते.

ग्रुपवरही हेच चालतं. खोटा मजकूर येतो. समजा, दोनशे जणांच्या ग्रुपमध्ये वीस-पंचवीस जणांना तो खोटा असल्याचा दाट संशय येतो. ते काय करतात? गप्प बसतात. काका मोठे आहेत, त्यांना कसं तोंडावर सांगायचं? सोसायटीचे सेक्रेटरी आहेत, उगाच कशाला वाईटपणा? आपल्याला काय करायचंय, डिलीट केलं की झालं. त्यांच्यातल्या प्रत्येकाला वाटतं, बाकी सगळ्यांना पटलेलं दिसतंय. बाकीच्यांनाही तेच वाटतं. पंचवीस जणांची ही शांतता पाहून उरलेले ठरवतात की मजकूर खराच असणार, नाहीतर इतक्या शिकल्यासवरलेल्यांपैकी कुणी बोललं नसतं का?

सोलोमन ॲश यांनी १९५० च्या दशकात हीच शांतता मोजली होती. खोलीत काही जण बसलेले, समोर रेघा. कुठल्या दोन रेघा सारख्या लांबीच्या, हे लहान मूलही सांगेल. पण एक सोडून बाकी सगळे आधीच पढवलेले. ते ठरवून चुकीचं उत्तर देतात. ज्याच्यावर प्रयोग चालला आहे तो एकटा माणूस जवळपास एक-तृतीयांश वेळा त्यांच्यामागे जाऊन डोळ्यांना दिसणारं नाकारतो. इथवर अनेकांना माहीत असतं. खरा धडा पुढे आहे. खोलीत त्याच्याशिवाय आणखी एकाच माणसाने खरं उत्तर दिलं, तर त्याच्या चुका चौथ्या हिश्श्यावर येतात. ॲश यांनी याहूनही पुढची गोष्ट पाहिली. वेगळं बोलणारा तो एक जण स्वतः चुकीचा असला, तरीही बहुमताचा दाब बराच सैल होतो.

म्हणजे तुम्ही तज्ज्ञ असायची गरज नाही. पुराव्यांचा गठ्ठा लागत नाही, लांबलचक वादही नको. ‘हे कुठून आलं? खात्री आहे का?’ एवढं सगळ्यांसमोर विचारलं की गप्प बसलेल्या पंचवीस जणांना कळतं की आपण एकटे नाही. खाजगीत सांगून हे होत नाही. काकांना बाजूला घेऊन समजावणं चांगलंच. पण त्याने काकांचं मत बदललं तरी ग्रुपची शांतता तशीच राहते.

लहानशा अडथळ्याने काय होतं, याचा दाखलाही आहे. २०१८ च्या हत्यांनंतर व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली, आणि जानेवारी २०१९ पासून ती जगभर लागू केली. एप्रिल २०२० मध्ये, आधीच खूप फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं केलं. असे संदेश त्यानंतर ७० टक्क्यांनी घटले, असं कंपनीनेच सांगितलं. कुणालाही बंदी नव्हती. फक्त पुन्हा एकदा बोट उचलावं लागत होतं. तेवढ्यानेही माणूस थांबला, कारण बहुतेक जण खोटं पसरवायला बसलेले नसतातच. ते विचार न करता पाठवतात आणि क्षणभर विचार करायला लावला की करतात.

राईनपाडा घडलं त्याच रविवारी रात्री मालेगावातही हीच अफवा होती, असाच जमाव होता. त्याच्या तावडीत एक कुटुंब सापडलं होतं, त्यांत दोन वर्षांचं मूल. तिथे काही स्थानिकांनी त्यांना आसऱ्याला घेतलं आणि पोलिसांनी जमावाला तोंड देत त्यांना बाहेर काढलं. सगळे वाचले. राईनपाड्याचे लोक वाईट आणि मालेगावचे चांगले, असं यातून निघत नाही. मालेगावात वेळेवर कुणीतरी ‘नाही’ म्हणालं, एवढंच यातून निघतं.

‘नाही’ म्हणायची वेळ चौकात दगड उचलले गेल्यावर येते, तेव्हा त्याला जिवाची जोखीम लागते. ग्रुपवर मजकूर येतो तेव्हा फक्त थोडा वाईटपणा घ्यावा लागतो. इतकं स्वस्त धैर्य आपल्याला पुन्हा मिळणार नाही. म्हणून खोटं ओळखूनही गप्प बसणाऱ्यांना माझं सांगणं आहे: तुमचं मौन तटस्थ नाही, ते त्या मजकुराला दिलेलं अनुमोदन आहे. पुढच्या वेळी डिलीट करण्याआधी ग्रुपवर, सगळ्यांना दिसेल असं, एक वाक्य लिहा. काका रागावतील. रागावू द्या.